बिनकिल्लीचं कुलूप

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुलूप चोरासाठी नसायचं. घरात कोणी नाही एवढं आल्यागेल्याला समजावं म्हणून ते दाराला अडकवायचं. कुलूप दिसलं की पाहुणा मुकाट्यानं शेजारच्या दाराशी जायचा, शेजारीण किल्ली काढून द्यायची आणि पाहुणा आत जाऊन पंखा लावून बसायचा. आमची किल्ली शेजारच्या नजीराभाभींच्या सोप्यात एका खिळ्याला असायची. मी कॉलेजात शिकवायला, माझी बायको कालिंदी दुपारच्या शाळेत शिकवायला. त्यामुळे दूधवाला, गॅसवाला आणि गावाकडचे पाहुणे या सगळ्यांचं दळणवळण त्या खिळ्यावरून चालायचं. आमचं दूध नासू नये याची काळजी आमच्यापेक्षा भाभींना जास्त होती.

हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की ते चाललं आहे हेसुद्धा माझ्या कधी लक्षात आलं नाही. उलट मला तो मागासलेपणा वाटायचा. पंच्याऐंशी सालच्या सुरुवातीला कॉलेजनं मला बंगलोरला प्रशिक्षणासाठी पाठवलं, तेव्हापासून तर फारच वाटायला लागला.

बंगलोरहून मी एक चिप घेऊन आलो. मायक्रोकंट्रोलर. बोटाएवढ्या काळ्या तुकड्यात अख्खा कॉम्प्युटर, त्याला चाळीस पाय आणि पाठीवर काचेची एक छोटी खिडकी. मी ती रुमालात गुंडाळून, खिशाशी हात धरून, रात्रभर एसटीत जागा राहिलो होतो. घरी आल्यावर कालिंदीला दाखवली. तिनं चष्मा लावून पाहिली आणि म्हणाली, "गोम दिसते." विज्ञानाची वाट कधीच सोपी नसते, हे मला माहीत होतं.

"हिच्यावर आपण दाराचं कुलूप चालवणार," मी म्हणालो. "आकडे दाबायचे, दार उघडायचं. किल्ली नको."

"किल्लीचं काय वाईट आहे?"

"किल्ली हरवते."

"आपली कधी हरवली?"

"हरवू शकते," मी म्हणालो, आणि तो विषय माझ्यापुरता मिटला.

कुलपाचा बोल्ट मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून करून घेतला. मी कागदावर करंगळीएवढा काढला होता. वर्कशॉपवाल्यानं विचारलं, "दार कशाचं हाय?" मी म्हणालो सागवानी. त्यानं तो अंगठ्यापेक्षा जाड केला आणि बाहेरून ग्रीस लावून हातात ठेवला. वीज मिळाली की तो बोल्ट मागं सरकायचा तेव्हा 'खटाक' असा आवाज यायचा आणि समोरच्या घरातलं मांजर उठून बसायचं. मध्यमवर्गीय माणसाच्या घरात कोण कधी आलं आणि गेलं हे गल्लीला कळतंच. माझ्या कुलपानं ते खासबाग मैदानापर्यंत कळायची सोय केली.

मी कायदा पाळणारा माणूस आहे, म्हणून आधी वीज कचेरीत विचारायला गेलो. पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "घरगुती का व्यापारी?" मी म्हणालो, दार आहे. त्यांनी मला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथं विचारलं, मोटार किती हॉर्सपॉवरची? मी म्हणालो मोटार नाही, सोलेनॉइड आहे, बोल्ट ओढणारं तारेचं वेटोळं. ते म्हणाले, असा प्रकारच आमच्यात न्हाय. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग कचेरी हादरेल अशा आवाजात म्हणाले, "आवं मास्तर, लावायचं हुतं तर लावायचं की! इचारायला कशाला आलाय?" मी लावायचं ठरवलं.

गल्लीत मात्र प्रत्येकाला सल्ला सुचला. समोरचे पिराजीराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते खुर्ची घेऊन आमच्या दारातच येऊन बसले. "सर, नंबर चुकला की शॉक बसंल असं करा. आयुष्यात परत चुकायचा न्हाय माणूस." त्यांची बायको शालूबाई म्हणाली, "आन् लाईट गेली मग?" हाच प्रश्न मला गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी विचारला. त्याला उत्तर म्हणून मी माझ्या स्कूटरची बॅटरी काढून दाराला लावली. तेव्हापासून स्कूटरचा हॉर्न बंद झाला आणि मी महाद्वार रोडनं "ओ बाजू, ओ काकू" असं ओरडत कॉलेजला जाऊ लागलो.

मी दाराला भोकं पाडायला घेतली त्याच आठवड्यात शालूबाईंच्या परसातला तांब्याचा बंब गेला. पाणी तापवायचा, चांगला मोठ्या पोटाचा बंब. खाली राख राहिली आणि बंब नाहीसा झाला. शालूबाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि कुणाकडेही न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भायेरच्याला काय ठावं बंब कुठं असतोय? आतलंच माणूस हाय कुणीतरी!" गल्लीतलं प्रत्येक घर आपापल्या जागी जरा ताठ झालं. मी शिडीवर होतो. माझ्या तोंडात स्क्रू होते, त्यामुळे मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नजीराभाभी आल्या. डोक्यावरून पदर, हातात आमची किल्ली. मी ड्रिल चालवत होतो.

"सर, ही तुमची किल्ली."

"हां, ठेवा तिथं कोनाड्यात," मी ड्रिल न थांबवता ओरडलो. "आता तिचं काम संपलं!"

त्यांनी किल्ली ठेवली. थोडा वेळ उभ्या राहिल्या असाव्यात. भुसा खाली पडला आणि मी पाहिलं तेव्हा गेल्या होत्या.

नंबर मी फार विचार करून निवडला होता. चार शून्य नऊ सहा. म्हणजे दोनाचा बारावा घात. ज्याला गणितात गोडी आहे त्याला हा आकडा विसरताच येत नाही. कालिंदी मराठी शिकवते. तिला मी गंभीरपणे बजावलं, "हा नंबर कुणालाही सांगायचा नाही."

"भाभींना?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही. गुप्तता हाच याचा पाया आहे."

रविवारी उद्घाटन झालं. मी आत राहिलो, कालिंदीला बाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर गल्ली जमली होती. बराच वेळ काहीच होईना. मग दाराच्या फटीतून कालिंदीचा बारीक आवाज आला, "अहो, काय होतं ते? चार नऊ?" मी म्हणालो चार शून्य. तिला ऐकू आलं नाही, कारण बाहेर पिराजीराव तिला धीर देत होते. शेवटी मी वर्गातल्या आवाजात ओरडलो, "चार! शून्य! नऊ! सहा!" पिराजीरावांनी तिकिटं फाडताना गाव पुकारावं तशी त्याची खात्री करून घेतली. "चार शून्य नऊ सहा! दाबा वैनी!" खटाक झालं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या आधी, पहिल्या 'चार'लाच, शेजारची एक खिडकी घाईनं लागलेली मला झरोक्यातून दिसली होती. मला वाटलं, धूळ येत असावी.

पंधरवडा बरा गेला. मग एका दुपारी शाहूवाडीहून माझे मामा आले, जोतीराममामा. खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं. मामा कधीच कळवून येत नाहीत. आपल्या भाच्याच्या घरी जायला कळवायचं कशाला, असं त्यांना वाटतं. आमच्या दाराला कुलूप नाही, कडी नाही, नुसती बटणं. मामांनी दार ढकललं, ठोठावलं, मग लाथ घातली. गल्ली मदतीला धावली. चार शून्य नऊ सहा तर सगळ्यांना पाठ होतं, पण शालूबाईंनी घाईत सहाच्या आधी नऊ न दाबता नऊच्या आधी सहा दाबले. मग पिराजीरावांनी सुधारणा केली. मग मामांनी तळहातानं सगळी बटणं एकदम दाबली. तीनदा चुकलं की कुलूप अर्धा तास कुणाचंच ऐकणार नाही, अशी योजना मी चिपमध्ये मोठ्या अभिमानानं केली होती. अर्ध्या तासानं लोकांनी पुन्हा तीनदा चुकवलं. लोक प्रयत्न सोडत नाहीत, हे मी योजनेत धरलं नव्हतं.

संध्याकाळी मी आलो तेव्हा मामा शेजारी गौसभाईंच्या सोप्यात, नव्या भरलेल्या गादीवर पाय पसरून बसले होते. गौसभाई म्हणजे नजीराभाभींचे यजमान, गाद्या-उशा भरायचा त्यांचा धंदा. मामांचं जेवण झालं होतं, झोप झाली होती, दुसरा चहा चालू होता.

"अंबादास," मामा म्हणाले, "माझं काय न्हाय. मी जेवलो, झोपलो. पण एक सांग. अख्ख्या गल्लीला तुझा नंबर ठावं हाय. पोरासोरास्नी ठावं हाय. ह्या माउलीला इचारलं, तर म्हणती मला ठावं न्हाय. लगतचं घर हाय. का रं ठावं न्हाय हिला?"

भाभी आत गेल्या. गौसभाई कापूस पिंजत असल्यासारखे खाली बघत राहिले, पण समोर कापूस नव्हता. मी म्हणालो, "मामा, खरा प्रश्न वेगळाच आहे. नंबर फुटलाय. बदलावा लागेल."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मग पोतं उचलून आमच्या दाराशी आपटलं आणि म्हणाले, "शिकून शिकून हिकडं आलास व्हय."

नंबर बदलायचा म्हणजे चिपला आधीचं सगळं विसरायला लावायचं. तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण आत सोडले की ती कोरी होते. कॉलेजात त्यासाठी दिवा होता, पण तो जळाला होता. नवा मागवायला तीन ठिकाणचे भाव, खरेदी समितीची बैठक आणि प्राचार्यांची सही लागणार होती. समितीतले एक सदस्य मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेले होते. मग माझ्या लक्षात आलं की अतिनील किरण सूर्यही फुकट देतो. आठ-पंधरा दिवस कडक उन्हात ठेवली तरी चिप कोरी होते. एप्रिल महिना होता. गच्चीवर कालिंदीचे पापड वाळत होते. मी पापडांच्या कडेला एका वाटीत चिप खिडकी वर करून ठेवली आणि घरी सांगितलं, "कुणी हात लावू नका. ती विसरते आहे."

एवढे दिवस आमच्या दाराला कुलूपच नव्हतं. जुनी कडी मी काढून टाकली होती, तिची भोकं सुताराच्या लांबीनं बुजवली होती, आणि नवं कुलूप गच्चीवर पापडांबरोबर वाळत होतं. आम्ही दार नुसतं ओढून कामावर जायचो. मी कॉलेजात बसून काळजी करायचो. कालिंदी मात्र करत नव्हती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती शाळेतून लवकर आली आणि तिनं पाहिलं की नजीराभाभी त्यांच्या उंबऱ्यावर बसल्या आहेत. तांदूळ निवडून झाले होते, सूप रिकामं होतं, ऊन तोंडावर आलं होतं, तरी त्या तिथंच, आमच्या दाराकडे तोंड करून. कालिंदी दिसली तशा उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

त्या संध्याकाळी कालिंदी माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे लाल होते.

"तुम्हाला एक कळतंय का? भाभी तुम्हाला काय म्हणायच्या?"

"काय म्हणायच्या?"

"भावजी म्हणायच्या. इतकी वर्षं. आता सर म्हणतात."

मी आठवून पाहिलं. ड्रिलच्या आवाजातसुद्धा त्यांनी सरच म्हटलं होतं.

"शालूबाईंचा बंब गेला. शालूबाई म्हणाल्या, आतलंच कुणीतरी. आणि त्याच आठवड्यात आपण नवं कुलूप केलं, किल्ली नसलेलं. त्यांनी किल्ली परत आणली तर तुम्ही म्हणालात ठेवा. काय वाटलं असेल त्यांना? तुम्ही नंबर ओरडलात तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली, आपल्याला ठाऊक होता असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. माझं आजारपण त्या बाईनं काढलंय हो."

माझा पहिला विचार माझ्या अपमानाचा होता, हे इथं सांगितलं पाहिजे. मी, एक विज्ञानाचा माणूस, शेजाऱ्यांवर बंबाचा संशय घेईन, असं कुणाला वाटावं? गैरसमज माहितीच्या अभावातून होतात, माहिती दिली की जातात, असा माझा ठाम विश्वास होता. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन शेजारी गेलो आणि गौसभाईंना चिपची रचना समजावून सांगितली. स्मृती कुठं असते, बटणाचा इशारा कुठून आत जातो, तीनदा चुकल्यावर काय होतं. त्यांनी सगळं ऐकलं. "व्हय की सर," ते म्हणाले, "चांगलंच हाय." भाभींनी चहा दिला. कपबशी नवी होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. एरवी मला तिथं कान तुटलेला कप मिळायचा. त्या नव्या कपाकडं बघताना पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्या हातून काहीतरी मोठं मोडलं आहे.

मग बंब सापडला. पिराजीरावांनीच तो तळाला भोक पडलं म्हणून तांबटाकडं दिला होता आणि साफ विसरले होते. तांबट बिचारा स्वतःच हातगाडीवर घालून घेऊन आला. शालूबाई पिराजीरावांना जे बोलल्या ते गल्लीनं फार आवडीनं ऐकलं. मला वाटलं, सुटलो. पण कुणीच कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाची माफी मागायचाही प्रश्न नव्हता. बंब जागेवर आला. खिळा मोकळाच राहिला.

तेवढ्यात गौसभाईंच्या मुलीचं, जरीनाचं लग्न ठरलं. मुलगा पेठ वडगावचा, लग्नही तिकडंच, तिच्या मामांच्या दारात. आम्हाला आमंत्रण आलं ते छापील, वर 'सर व सौ.' असं लिहिलेलं. कालिंदीनं ते कपाटात ठेवून दिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खं घर वडगावला जाणार होतं. आणि त्या दिवशी सकाळी गौसभाई बाजारातून आपल्या दाराला एक नवंकोरं कुलूप घेऊन आले.

त्या घराला कुलूप कधी नव्हतंच. तिथं सदा कुणीतरी असायचं, म्हणून तर आमची किल्ली तिथं असायची. आता प्रश्न होता, त्यांची किल्ली कुणाकडे राहणार? कालिंदीनं तो प्रश्न तोंडानं विचारला नाही. ती फक्त सकाळपासून तीनदा उंबऱ्याशी जाऊन आली. तिसऱ्यांदा आली ती ओट्याशी, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. "भाभी शालूबाईंशी बोलतायत," म्हणाली. "कोंबड्यांना दाणे कधी घालायचे ते सांगतायत." आणि ती रडायला लागली. मुलीच्या लग्नाला निघालेली बाई लगतचं घर सोडून समोरच्या घरी किल्ली देते, याचा अर्थ गल्लीत लहान मूलही सांगेल.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. चिप विसरून झाली होती, नवा नंबर घालून पुन्हा दाराला बसली होती. तिचं खोकं उतरवलं, तारा ओढल्या, उद्यमनगरचा बोल्ट काढला तो पायावर पडला. बुजवलेली भोकं उकरून जुनी कडी ठोकली. ती वाकडी बसली. कोनाड्यातलं जुनं कुलूप उघडंच कडीला अडकवलं, किल्ली घेतली आणि लंगडत शेजारी गेलो.

सोप्यात बोचकी बांधून ठेवली होती. दारात रिक्षा उभी होती. भिंतीवर तो खिळा होता, आणि चुन्यावर किल्लीच्या आकाराचा काळपट डाग. मी सरळ जाऊन किल्ली खिळ्याला अडकवली. ती डागावर बरोबर बसली.

भाभी बघत होत्या. गौसभाई बघत होते. रिक्षावालाही आत डोकावला.

"आवं," भाभी म्हणाल्या, "आमी निगालो वडगावला. चार दिस घर बंद. आन् तुमी आत्ता किल्ली अडकवाय आलाय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे... तुम्ही आल्यावर उपयोगी पडेल."

"आन् तवर तुमी घरात कसं जाणार?"

"बघू," मी म्हणालो. "पण ती तिथंच असू दे भाभी. ती तिथलीच आहे. चुकलं माझं."

भाभींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आणि मग दोन्ही करायला लागल्या. त्यांनी गौसभाईंसमोर हात केला. गौसभाईंनी खिशातून नव्या कुलपाची किल्ली काढून दिली, ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"मग ही धरा. तुमची किल्ली आमच्या घरात, घराला कुलूप. तुमाला तुमच्या घरात जायला आधी आमचं दार उघडाय लागंल की, भावजी." मग समोरच्या घराकडं वळून ओरडल्या, "शालूबाई, कोंबड्यांचं ऱ्हाऊ द्या! वैनी बघतील!"

त्यांच्या दाराला कुलूप लागलं आणि रिक्षा गेली. मी किल्ली घेऊन घरी आलो आणि ती कुठं ठेवावी म्हणून भिंती बघू लागलो. आमच्या घरात असा एकही खिळा नव्हता. इतकी वर्षं आमचीच किल्ली त्यांच्याकडं राहिली, त्यांची कधी आमच्याकडं आलीच नव्हती, त्यामुळे कधी ठोकावाच लागला नव्हता. दाराशेजारी बटणांच्या खोक्याचा एक स्क्रू निघता निघत नव्हता म्हणून राहिला होता. कालिंदीनं माझ्या हातातून किल्ली घेतली, पदरानं पुसली आणि त्याला अडकवली.